चेनचे जुने यंत्र घाटावर आणताना : ट्रेलर कोणता निवडावा?



गळीत हंगाम संपून राने मोकळी झाली की गटागटांतून आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते. "साहेब, चोपण रानात निचऱ्याचे चर काढायचे हायेत, उंचवटा फोडून रान एका पातळीत आणायचं हाय. भाड्याचं मशीन येळेवर मिळत न्हाई. पाच-सहा जणांनी मिळून एखादं जुनं चेनचं मशीन घ्यावं का?" विचार चांगला आहे. ओल्या काळ्या रानात टायरचे यंत्र रुतते तेथे चेनचे यंत्र चालते, आणि भागीत घेतले तर एकट्याच्या अंगावर बोजा पडत नाही.

मात्र अशा खरेदीत आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. इंजिनचा आवाज चारचारदा ऐकला जातो, चेनच्या पिना हलवून पाहिल्या जातात, किमतीसाठी दोन-दोन दिवस घासाघीस होते. पण ते यंत्र घरी कशावर घालून आणायचे, हे ठरते चहाच्या टपरीवर, शेवटच्या अर्ध्या तासात, आणि जो कमी भाडे सांगेल त्याच्याशी. दहा-बारा टनांचे लोखंड घाट चढवून आणावयाचे, आणि त्याचा विचार अर्ध्या तासाचा! म्हणून या अंकात केवळ ट्रेलरच्या निवडीबद्दल लिहीत आहोत.

पनवेलचाच दाखला का?

आपल्या भागातील सभासद जुने यंत्र पाहायला बहुधा पनवेल-कळंबोली परिसरात जातात. न्हावाशेवा बंदर १९८९ पासून सुरू झाले, कळंबोलीचा लोखंड बाजार शेजारीच, त्यामुळे अवजड वाहनांचा सगळा गोतावळा तेथे जमला आहे. तसे पनवेल हे पूर्वीपासून गाडीवानांचेच गाव. पनवेलला गाडीची चाके बनविण्याचा मोठा धंदा होता, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरमध्ये आहे. कोकणातला माल बंदरातून उतरायचा, पनवेलला गाडीवर चढायचा आणि बोरघाटाने देशावर यायचा. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८३० साली, या घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी पक्का रस्ता झाला. १८६३ साली रेल्वे घाट चढली, तीही ३७ फुटाला १ फूट अशा चढाने. गाड्या बदलल्या, घाट तोच आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते, आणि उलट जाताना तेवढीच उतरावी लागते.

मागील उन्हाळ्यात आपल्या एका गटातील पाच सभासदांनी मिळून एक जुना चेनचा डोझर पसंत केला. ट्रेलर ठरविताना शेतकी खात्याचे कोणीतरी बरोबर असावे असा त्यांचा आग्रह पडला, म्हणून आम्ही गेलो. तेथे जे पाहिले, मोजले आणि ठरविले, ते क्रमाने देत आहोत.

पहिले काम : वजन काट्यावर करा

विकणारा म्हणाला, "मशीन नऊ-साडेनऊ टनाचे आहे." हे वजन त्याने खोटे सांगितले असे नाही. पुष्कळदा कंपनीच्या पत्रकात नुसत्या यंत्राचे वजन असते. पुढचे पाते, ते उचलणारे हायड्रॉलिकचे हात, मागचा रिपर, वरची केबिन, टाकीतले डिझेल आणि चेनच्या आत वाळून बसलेली माती यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. २०० लिटर डिझेल म्हणजेच जवळजवळ १७० किलो झाले. चेनमधली वाळलेली माती खरवडून पाहा, पाट्यांनी निघेल.

उपाय आपल्या सर्वांच्या रोजच्या पाहण्यातला आहे. कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन कसे होते? भरलेली गाडी वजा रिकामी गाडी. तसेच येथे करावे. ट्रेलर रिकामा काट्यावर घ्यावा, यंत्र चढवून पुन्हा घ्यावा. आमच्या वेळी फरक निघाला ११ टन ८६० किलो. साडेनऊ टनांच्या हिशेबाने गाडी ठरली असती तर सव्वादोन टन जादा बोजा घाटात नेला असता.

आता गाडीची ताकद पाहावी. "पासिंग किती टनाची?" या प्रश्नाचे तोंडी उत्तर घेऊ नये. आरसी बुकात भरलेल्या गाडीचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की राहील तेवढाच माल. २०१८ साली केंद्र सरकारने आसावरील वजनाच्या मर्यादा वाढविल्या. चार टायरांच्या एका आसाला साडेअकरा टन, आठ टायरांच्या जोड आसाला २१ टन अशा त्या झाल्या. परंतु म्हणून जुन्या गाडीचे पाटे आणि चासी आपोआप मजबूत झाली नाही. आपल्याला आरसी बुकातलाच आकडा धरावयाचा आहे.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. चेनचे यंत्र रानात हलके पाऊल टाकते. ४० सेंटिमीटर रुंद आणि २२० सेंटिमीटर लांब जमिनीला टेकणाऱ्या दोन चेनांवर ११ टन वाटले, तर चौरस सेंटिमीटरला सव्वासहाशे ग्रॅमच भार येतो. म्हणूनच ते चिखलात तरते. पण तेच यंत्र ट्रेलरवर चढले की त्याचा सगळा भार ट्रेलरच्या टायरांवर येतो, आणि ट्रकच्या टायरखाली चौरस सेंटिमीटरला सहा-सात किलो दाब असतो. रानात जे यंत्र रुतत नाही, ते घेऊन आलेला ट्रेलर आपल्या पाणंदीत हमखास रुततो. उतरवायची जागा डांबरी किंवा मुरमाड असावी, तेथून पुढे यंत्र स्वतःच्या चेनवर चालत न्यावे.

चार पर्याय समोर आले

पहिला पर्याय गटातल्याच एका तरुण सभासदाने काढला. "साहेब, आपल्या उसाच्या ट्रॉलीत टाकू की. ट्रॅक्टर घरचाच हाय, भाडं वाचतं." त्यावर त्यांच्यातील वयस्कर आबांनी विचारले, "आन् उताराला कोण धरणार, तू?" आबांच्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. मागे ट्रॉली तीन टन आणि वर यंत्र बारा टन. पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर हे ओढील सुद्धा. पण उतारावर ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या ब्रेकने मागून ढकलणारे १५ टन धरावयाचे! उसाच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. शिवाय ट्रॉलीचा आस आणि तळाचा पत्रा पसरलेल्या उसासाठी केलेला, लोखंडी चेनच्या दातांसाठी नव्हे. ओढणे जमते म्हणजे थांबविणेही जमते, असे नाही. हा पर्याय तेथेच संपला.

दुसरा पर्याय दहा टायरांचा उघड्या हौद्याचा ट्रक. वजन कसेबसे बसत होते. पण हौद्याची उंची दीड मीटरच्या आसपास, चढवायला मातीचा धक्का शोधावा लागणार, आणि उतरविताना आपल्या गावात तसा धक्का कोठे आहे हा दुसरा प्रश्न. पात्याची रुंदी तर हौद्यात मावतच नव्हती.

तिसरा पर्याय लोखंडाच्या कांबी वाहणारा सपाट ट्रेलर. लांबी भरपूर, वजन पेलण्यास भरपूर, भाडे मध्यम. तळ मात्र १ मीटर ४५ सेंटिमीटर उंच आणि नुसत्या गुळगुळीत पत्र्याचा.

चौथा पर्याय लो-बेड ट्रेलर, ज्याला ड्रायव्हर मंडळी ‘लोबेट’ म्हणतात. पुढे मान उंच, मधला तळ खाली, मागे स्वतःच्या चढण्याच्या फळ्या. तळाची उंची ९५ सेंटिमीटर. भाडे सपाट ट्रेलरच्या दीडपट सांगितले. पाचांपैकी तिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणून पुढचा हिशेब कागदावर मांडला.

उंचीचा आणि रुंदीचा हिशेब

केबिनसह यंत्राची उंची भरली २ मीटर ९० सेंटिमीटर. सपाट ट्रेलरवर ती होते ४ मीटर ३५ सेंटिमीटर, लो-बेडवर ३ मीटर ८५ सेंटिमीटर. हा अर्धा मीटर म्हणजे वाटेतली विजेची तार, झाडाची फांदी, गावातली कमान आणि रेल्वेखालचा बोगदा. हमरस्त्यावर एक वेळ निभावेल, पण हमरस्ता सोडून आपल्या गावाकडे वळले की तारा खाली लोंबत असतात. चार मीटरच्या वर जाणारा बोजा शक्यतो करूच नये. केबिन किंवा छत्री बोल्टवर असेल तर ती खोलून वेगळी बांधावी.

उंचीचा दुसरा परिणाम वळणावर होतो. बोजाचा मध्य जितका वर, तितकी गाडी कलंडण्यास सोपी. उसाची गाडी वाजवीपेक्षा उंच रचली की कालव्याच्या वळणावर काय होते ते आपण पाहिलेले आहे.

रुंदीबाबत, रस्त्यावर वाहनाची रुंदी २ मीटर ६० सेंटिमीटरपर्यंत चालते. आमच्या यंत्राच्या चेनची बाहेरची रुंदी त्यात बसत होती, पाते मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर येत होते. पाते तिरके करूनही भागले नाही, तेव्हा ते चार पिना काढून सोडविले आणि तळावर आडवे बांधले. दोन तास गेले, पण मर्यादेबाहेरच्या बोजासाठी लागणारी वेगळी परवानगी वाचली. यंत्रच मुळात रुंद असेल तर मात्र अशी परवानगी आधी काढल्याशिवाय निघू नये.

चढविण्याची फळी

यंत्र ट्रेलरवर चढविताना सर्वांत जास्त अपघात होतात. येथे उंची आणि फळीची लांबी यांचे प्रमाण पाहावे. लो-बेडचा तळ ९५ सेंटिमीटर आणि फळी ३ मीटर २० सेंटिमीटर, म्हणजे चढ सुमारे १७ अंशांचा. सपाट ट्रेलरचा तळ १४५ सेंटिमीटर आणि मिळणाऱ्या सुट्या फळ्या अडीच मीटरच्या, म्हणजे चढ ३५ अंशांचा. पहिला चढ बैलगाडी चढेल असा नसला तरी यंत्राला सोसतो. दुसरा म्हणजे जवळजवळ छपराचा उतार झाला.

आणखी एक धोका नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. चेनचे यंत्र फळीच्या टोकाशी पोचले की त्याचे नाक हवेत राहते, मध्य कडेवर येतो आणि मग ते एकदम धाडकन तळावर आदळते. चढ जितका उभा, तितका आदळा मोठा. त्या क्षणी चालवणाऱ्याने घाबरून एक चेन सोडली तर यंत्र तिरपे होते. म्हणून टोकाशी आल्यावर गती अगदी मुंगीची करावी, आणि तळाच्या कडेला जाड लाकूड घालून आदळा कमी करावा. ट्रेलर सपाट जागी, ब्रेक लावून, चाकांना ठोकळे घालून उभा असावा. बाजूला किंवा मागे कोणीही उभे राहू नये. खुणा करणारा माणूस एकच, आणि तो समोर, लांब.

तसेच लोखंडाच्या चेनखाली लोखंडाचा पत्रा म्हणजे ओल्या शेवाळावर पाय. तळाला लाकडी फळ्या बसविलेला ट्रेलर मिळाला तर उत्तम. नसेल तर लाकडी स्लीपर किंवा जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे पसरावेत. तळावर तेल-ग्रीस सांडलेले असेल तर आधी राख किंवा कोरडी माती टाकून झाडून घ्यावे.

कावडीचा न्याय

यंत्र तळावर कोठे उभे करावे याचा न्याय कावडीसारखा आहे. ट्रेलरचा भार पुढे हॉर्सवरील किंगपिनवर आणि मागे आसांवर असा दोन खांद्यांवर वाटला जातो. समजा, या दोन खांद्यांत ८ मीटर अंतर आहे आणि १२ टनांच्या यंत्राचा मध्य किंगपिनपासून ५ मीटरवर ठेवला. तर मागच्या आसांवर साडेसात टन आणि पुढे साडेचार टन येतात. तेच यंत्र एक मीटर मागे सरकले की मागे नऊ टन आणि पुढे अवघे तीन. हॉर्सच्या ओढणाऱ्या चाकांवरचा भार कमी झाला की घाटाच्या चढाला, विशेषतः पावसात, ती चाके जागच्या जागी फिरू लागतात. फार पुढे ठेवले तर हॉर्सच्या आसावर मर्यादेबाहेर भार येतो. इंजिन पुढे असल्याने डोझरचा मध्य त्याच्या लांबीच्या मध्यावर नसतो, हेही लक्षात ठेवावे. ट्रॅक्टरची पुढची चाके उचलताना ज्याने पाहिली आहेत, त्याला हे जास्त सांगावयास नको.

ब्रेक : येथे काटकसर नको

पनवेलहून येताना घाट चढावा लागतो म्हणून ब्रेकचा विचार कमी होतो. चढावर गाडी बंद पडली तर मागे सरकणारे २८ टन, म्हणजे १२ टन यंत्र, ८ टन ट्रेलर आणि ८ टन हॉर्स, धरून ठेवणारे ब्रेकच असतात. आणि बोरघाट चढून आलो तरी आपल्या भागात येईतो पुढे उतार आहेतच.

उताराचा हिशेब एकदा करून पाहा. २८ टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी शक्ती मोकळी होते, तिच्यात साडेचारशे लिटर पाण्याला आधण येईल. त्यातला काही भाग इंजिन आणि रस्ता खातो, बाकी सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापले की ब्रेक दाबून दाबून धरत नाही. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर धरून यावे. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे पाच रुपयांसाठी पाच घरे पणाला लावणे होय.

ट्रेलर ठरविण्यापूर्वी पुढील गोष्टी ड्रायव्हरसमोर पाहाव्यात. ट्रेलरच्या प्रत्येक आसाला ब्रेक चालू आहेत काय? हवेच्या नळ्यांतून फुसफुस येते काय? हॉर्स सुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात काय? जोड टायरांपैकी आतला टायर गुळगुळीत किंवा बसलेला नाही ना? बाहेरचा टायर सगळेच पाहतात, आतल्याकडे वाकून कोणी पाहत नाही.

घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे लोक सांगतात. येणारे-जाणारे तेथे नाणे टाकतात. श्रद्धा जरूर ठेवावी, पण नाणे टाकण्याआधी हवेची नळी पाहून घ्यावी.

बांधणी

"बारा टनाचं धूड हाय साहेब, ते कुठं हलतंय!" असे क्लीनर म्हणाला. जड वस्तू हलत नाही हा मोठा गैरसमज आहे. जोरात ब्रेक लागला की जड वस्तूच जास्त जोराने पुढे येते, आणि पुढे ड्रायव्हरची केबिन असते.

उसाला बांधतो तो दोर किंवा नायलॉनचा सोल येथे उपयोगाचा नाही. पोलादी साखळ्याच हव्यात. अमेरिकेतील वाहतूक नियमात साडेचार टनांवरील चेनच्या यंत्राला किमान चार बांध सांगितले आहेत, आणि सर्व बांधांची मिळून ताकद बोजाच्या निम्म्याहून कमी नसावी असे आहे. आपणही तेवढे कमीत कमी धरावे. ८० ग्रेडच्या १० मिलिमीटर साखळीची काम करण्याची ताकद ३ टन १५० किलो, १३ मिलिमीटरची ५ टन ३०० किलो असते. चार कोपऱ्यांना चार, पुढच्या पुढे आणि मागच्या मागे ताणून, आणि साखळी घट्ट करणारा लोड बाइंडर प्रत्येकीला. साखळी चासीच्या किंवा ओढण्याच्या हुकाला बांधावी, हायड्रॉलिकच्या नळीला किंवा दांड्याला कधीही नाही.

पाते बसविलेले असेल तर ते लाकडावर टेकवून ठेवावे. यंत्राचा ब्रेक लावावा, बॅटरीची वायर काढावी, चेनच्या पुढे-मागे ठोकळे ठोकावेत. सायलेन्सरचे तोंड पोत्याने किंवा डब्याने बंद करावे. टर्बो असलेल्या इंजिनात वाऱ्याने आतला पंखा तेलाविना फिरत राहतो आणि खराब होतो, हे पुष्कळांस माहीत नसते. निघाल्यावर पहिल्या पाच-दहा किलोमीटरवर थांबून सर्व साखळ्या पुन्हा ताणाव्यात, कारण लाकूड दबते आणि साखळी ढिली पडते. घाटाच्या पायथ्याशी पुन्हा एकदा पाहावे. यंत्रावर किंवा तळावर कोणालाही बसवू नये. जागा आहे म्हणून गावची पोरे वर बसतात, ती उतरवावीत.

बर्फातही हाच न्याय

चेनच्या यंत्राची ही कथा आपल्यापुरती नाही. आपण ज्याला फर्ग्युसन म्हणतो, त्याच घराण्याच्या छोट्या ट्रॅक्टरांना चेन बसवून एडमंड हिलरी यांची तुकडी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचली. त्याच मोहिमेत फुक्स यांच्या तुकडीने ‘स्नो-कॅट’ नावाची चार चेनची वाहने घेऊन सारा अंटार्क्टिका ओलांडला. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि आजही तेथील आपल्या मैत्री केंद्राचा माल ‘पिस्टनबुली’ नावाची चेनची वाहने बर्फावरून ओढून नेतात.

अमेरिका-कॅनडात अशी जुनी बर्फावरची वाहने जपणारे हौशी लोक आहेत. जुने स्नो-कॅट ट्रेलरवर घालून गावोगाव नेताना त्यांच्यापुढेही हेच प्रश्न उभे राहतात. खरे वजन किती, चेन फळीवर घसरेल काय, तळ किती खाली, ब्रेक ट्रेलरला आहे काय? बर्फ असो की आपले काळे रान, चेनचे यंत्र आपल्या जागी राजा असते आणि डांबरी रस्त्यावर परक्याच्या खांद्यावरचे ओझे. तो खांदा कोणता, हे पारखून घ्यावे लागते.

रस्ता आणि कागद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. बंदी कशासाठी, हे जुलै २०२४ मध्ये पनवेलजवळ दिसले. आषाढी एकादशीच्या तोंडावर डोंबिवलीकडून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस रात्रीच्या वेळी या मार्गावर एका ट्रॅक्टरला धडकून रस्त्याखाली कोसळली. पाच माणसे गेली. त्यांत वारकरी होते, तसेच ट्रॅक्टरवरचेही होते. दोष कोणाचा ते ठरविणे आमचे काम नाही. वेगाने धावणाऱ्या रस्त्यावर सावकाश चालणारे वाहन किती घातक ठरते, एवढे मात्र आपण सर्वांनी मनावर कोरून ठेवावे. आपल्या हंगामात रात्री मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसतात, त्यांनाही हेच लागू आहे.

अवजड ट्रेलरला कोणत्या वेळी व कोणत्या बाजूने घाट चढू देतात, हे निघण्याआधी महामार्ग पोलिसांकडे विचारून घ्यावे. सणासुदीला आणि सुट्टीच्या दिवशी निघूच नये. खंडाळ्याचे धुके आणि पावसाळा टाळावा. दिवसाउजेडी निघून दिवसाउजेडी पोचावे.

जादा वजनाचा दंड आता पूर्वीसारखा शे-दोनशेचा राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. बोजा बाजूने किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० रुपये. सपाट ट्रेलर आणि लो-बेड यांच्या भाड्यातला फरक या एका पावतीत निघून जातो. यंत्राचे खरेदीपत्र, ट्रेलरचा परवाना, फिटनेस आणि विमा यांच्या प्रती जवळ असाव्यात. वाटेतल्या नुकसानीचा विमा वेगळा उतरवावा लागतो, गाडीच्या विम्यात आपले यंत्र येत नाही.

शेवटी काय ठरले?

कागदावरचा हिशेब पाहून आबांनीच निकाल दिला. "पाच घरचं पैकं एका गाडीवर चाललंय, आन् ड्रायव्हर बी कुणाचा तरी पोरगाच हाय. लोबेटच घ्या." दीडपट भाडे पाच जणांत वाटले गेले. पाते सोडून, काटा करून, चार साखळ्या आणि मधे दोनदा थांबून यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या मुरमाड माळावर उतरले. तेथून स्वतःच्या चेनवर चालत रानात गेले. त्या उन्हाळ्यात पाचही जणांच्या चोपण रानांत निचऱ्याचे चर निघाले.

सभासदांनी ट्रेलर ठरविताना हे सात प्रश्न क्रमाने विचारावेत :

१. काट्यावर केलेले खरे वजन किती?
२. आरसी बुकाप्रमाणे गाडी किती माल नेऊ शकते?
३. तळावर चढल्यावर एकूण उंची आणि रुंदी किती होते?
४. फळीची लांबी तळाच्या उंचीच्या तिप्पट तरी आहे काय?
५. ट्रेलरच्या सर्व आसांना ब्रेक चालू आहेत काय?
६. पोलादी साखळ्या, लोड बाइंडर आणि लाकडी ठोकळे गाडीबरोबर आहेत काय?
७. उतरविण्याची जागा, तेथवरचा रस्ता आणि पूल आधी पाहिले आहेत काय?

सातांपैकी एकाचेही उत्तर "बघू पुढं" असे आले, तर ती गाडी सोडून दुसरी पाहावी. ऊसतोडणीची यंत्रे एका गटातून दुसऱ्या गटात हलविणाऱ्यांनाही हेच सात प्रश्न उपयोगी पडतील.

भागीत यंत्र घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी सौदा पक्का करण्यापूर्वी आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात जरूर यावे. वजनाचा आणि उंचीचा हिशेब आम्ही बसून करून देऊ.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते